विजारीच्या मापाची खुर्ची

“सोफा कसला, दलदल आहे नुसती. माणूस बसला की गेला.”

हे सासरेबुवा कोणाला उद्देशून म्हणाले नव्हते. ते आपल्याच गुडघ्यांशी बोलत होते. पण सूनबाई नेमकी त्याच वेळी सोफ्याच्या मागे जमिनीवर ओणवी होऊन, घरंगळत गेलेलं डब्याचं झाकण शोधत होती, त्यामुळे ते वाक्य थेट तिच्या कानात पडलं. ती तशीच ओणवी राहिली. सोफ्याच्या स्प्रिंगा कुरकुरल्या. थोड्या वेळाने पुन्हा कुरकुरल्या. मग एक मोठा “हुश्श” ऐकू आला आणि सासरेबुवा होते तिथेच, कदाचित बोटभर आणखी खाली, स्थिरावले.

बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, तो खोल म्हणजे किती ते सूनबाईला त्या दिवशी सोफ्याखालून दिसलं.

सूनबाईने पन्नाशी ओलांडली होती. लेक नोकरीसाठी परगावी गेली, केसांत चांदी आली, दाताच्या दवाखान्यात टेबलामागे बसून बसून चष्म्याचा नंबर वाढला, तरी घरात ती सूनबाईच. इमारतीतही सूनबाईच, कारण सासरेबुवांचा आवाज कवायतीच्या मैदानावर घडलेला. ते शाळेत कवायतीचे मास्तर होते. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी “सूनबाई, चहा!” म्हटलं की तळमजल्यावरची माणसं आपापली साखर बघून घेत. गावातल्या तीन पिढ्यांना त्यांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. अशा माणसाला आता दोन्हींपैकी फक्त बशी जमत होती, हे कोणी कोणाला सांगायचं?

कोणीच सांगत नव्हतं. त्या घरात एक पद्धत पडून गेली होती. सासरेबुवांना उठायचं आहे असं दिसलं की नवरा पेपर घेऊन यायचा. “बाबा, पेपर,” म्हणून तो जरा वर, जरा लांब धरायचा. सासरेबुवा पेपर घेण्यासाठी हात पुढे करायचे आणि चुकून नवऱ्याचं मनगट पकडायचे. नवराही चुकून दोन पावलं मागे सरकायचा. अशा दोन चुका एकत्र आल्या की सासरेबुवा उभे! मग पेपर न बघता ते पुढच्या कामाला जायचे. एकच पेपर दिवसातून चार-पाच वेळा घरात ताजा म्हणून यायचा, आणि ‘हा मी वाचला’ असं सासरेबुवांनी एकदाही म्हटलं नव्हतं. सूनबाईची तऱ्हा वेगळी होती. तिला सोफ्याचं कव्हर झटकायची हुक्की यायची. सुट्टीवर आलेली लेक “आजोबा, फोटो!” म्हणून त्यांना दोन्ही हातांनी ओढायची. तिच्या फोनमध्ये आजोबांचे अर्धवट उभे राहिलेले इतके फोटो होते की पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस बसतच नाही.

पण घरात कोणी नसलं की? मागच्याच आठवड्यात सूनबाई दवाखान्यातून आली तर दारावर पार्सलवाल्याची चिठ्ठी, ‘घरी कोणी नाही.’ आत सासरेबुवा सोफ्यात.

“बेल वाजली नाही का, बाबा?”

“वाजली की. मला उघडावंसं वाटलं नाही.”

आणि बुद्धिबळवाले काका? पलीकडच्या गल्लीतले हे काका म्हणजे सासरेबुवांचे जिवाचे मित्र आणि पटावरचे वैरी. पूर्वी एक दिवसाआड डाव व्हायचा, कधी इकडे, कधी तिकडे. काकांच्या घरचा दिवाण बुटका, म्हणून आधी तिकडचं जाणं बंद झालं. कारण दिलं ते असं की, काका घोडा अडीचऐवजी साडेतीन घरं चालवतात. मग काकांचं इकडे येणंही बंद झालं. पाहुणा निघाला की त्याला दारापर्यंत सोडायला उठावं लागतं ना! तेव्हा काकांना सांगण्यात आलं, “आमच्याकडे रंगकाम चालू आहे.” तेव्हापासून दर रविवारी काकांचा फोन यायचा, “काय रे, वाळला का रंग?” आणि इकडून उत्तर जायचं, “अजून एक हात राहिलाय.” इतके महिने रंग लागत असता तर त्या तीन खोल्यांचा राजवाडा झाला असता. काकांच्या घरी अर्धा डाव पटावर तसाच मांडून ठेवला होता म्हणे. सोंगट्यांवरची धूळ ते फुंकरीने उडवायचे, हलू नयेत म्हणून.

तर झाकण सापडलं, आणि त्याबरोबर सूनबाईला एक कल्पनाही सापडली. खुर्ची! उंच बैठकीची, ताठ पाठीची, भक्कम हातांची. हातांवर भार द्यायचा आणि कुणाच्याही पेपरशिवाय उठायचं.

आता तुम्ही म्हणाल, बाजारात खुर्च्या मिळत नाहीत का? मिळतात. पण विकतची खुर्ची घरात आली की ती कोणासाठी आली हे लगेच सगळ्यांना दिसतं. गेल्या वर्षी लेकीने कौतुकाने काठी आणली होती. सासरेबुवांनी “छान आहे” म्हणून तिला जळमटं काढायच्या कामावर नेमलं. खुर्ची आणली असती तर तिच्यावर इस्त्रीचे कपडे बसले असते. बनत असलेली खुर्ची मात्र कोणाचीच नसते, ती नुसती बनत असते. बनता बनता ती एक दिवस सोफ्याशेजारी उभी राहील, आणि सासरेबुवा सहज बसून पाहतील. असा तो बेत होता. सरळ जाऊन “बाबा, तुमच्यासाठी खुर्ची करू का?” असं विचारणं हा आणखी एक मार्ग होता, पण तो त्या घरात कोणाच्या डोक्यात आला नाही.

“मी सुतारकाम शिकणार आहे,” तिने रात्रीच्या जेवणाला जाहीर केलं.

नवऱ्याचा घास हातातच राहिला. “कशासाठी?”

“छंद म्हणून.”

“अगं, छंद म्हणजे लोक विणकाम करतात. बाग करतात. रंधा कोण मारतं?”

“सुतार मारतात,” सासरेबुवा ताटातून मान वर न करता म्हणाले. तो विषय तिथे संपला आणि सुतारकाम सुरू झालं.

हत्यारांच्या दुकानात गेल्यावर दुकानदाराने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. “साहेब गाडी लावतायत का?”

“साहेब ऑफिसात आहेत. मला रंधा हवाय.”

“भेट द्यायला?” असं म्हणून त्याने एक गुलाबी पेटी काढली. आत गुलाबी हातोडी, गुलाबी पक्कड आणि एक टॉर्च. “घरगुती आहे, ताई. भिंतीवर फोटोबिटो लावायला.”

सूनबाईचा अपमान झाला. म्हणजे तसं ती पटकन अपमान करून घेणारी बाई नव्हती, पण ती रोज सकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या ट्रेमध्ये अवजारं मांडत होती. तिथे टॉर्चला गुलाबी रंग देऊन कोणी दाढ काढत नाही. शिवाय डॉक्टरीणबाईंनी तिला निघताना बजावलं होतं, “दहा वाईट घेऊ नका, एक चांगलं घ्या. आणि हातात धरून बघा. चांगलं अवजार मनगटाला त्रास देत नाही.” त्यामुळे तिने दुकानातला प्रत्येक रंधा हातात धरून पाहिला. काउंटरवर हवेतल्या हवेत मारूनही पाहिला. मागे उभा असलेला एक नळदुरुस्तीवाला आपलं काम विसरून बघत राहिला. शेवटी तिने एक लाकडी रंधा, बारीक दातांची एक करवत, लाकूड कोरायच्या दोन पटाश्या, त्या ठोकायची एक लाकडी मोगरी आणि काटकोन बघायचा गुण्या एवढंच घेतलं.

“धार लावायचा दगड?” दुकानदाराने विचारलं.

“कशाला? पटाशी नवीन आहे ना?”

दुकानदार त्या दिवसात पहिल्यांदा मनापासून हसला. “ताई, नवी पटाशी म्हणजे नवा जावई. दिसायला चकचकीत. धार आपल्यालाच लावावी लागते.”

तिने दगडही घेतला.

हा धारेचा नाद फार वाईट. पहिले काही दिवस सूनबाईने लाकडाला हातच लावला नाही, नुसती धार लावली. पटाशीला लावली, मग घरातल्या सुऱ्यांना लावली, मग कात्रीला. टोमॅटोला सुरी दाखवली की तो आपणहून दोन तुकडे होऊ लागला. नवऱ्याच्या तीन बोटांना पट्ट्या लागल्या, त्यातली एक पेपर हातात देताना सासरेबुवांच्या हातात आली. मग एका दुपारी सासरेबुवा सोफ्यातूनच म्हणाले, “आण इकडे तो दगड. तुझं मनगट डुलतंय.” आणि मांडीवर पाट घेऊन, त्यावर दगड ठेवून ते पटाशी घासू लागले. एक-दोन, एक-दोन. कवायतीचा ठेका! त्यांचे हात अजून मैदानावरचेच होते. गुडघे तेवढे रजेवर गेले होते. तेव्हापासून धारेचं खातं त्यांच्याकडे गेलं. रोज दुपारी सूनबाई बोथट पटाशी त्यांच्या हातात द्यायची आणि तासाभराने लखलखीत परत घ्यायची. कशासाठी लागतेय, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

वखारीतून सागाच्या फळ्या आल्या, बाल्कनीत ठोकाठोक सुरू झाली, आणि चौथ्या दिवशी इमारतीचे सेक्रेटरी दारात उभे राहिले. कानावर पेन, काखेत नियमावली.

“तक्रार आहे. बाल्कनीत उत्पादन चालू आहे.”

“उत्पादन कसलं? खुर्ची करतेय.”

“किती?”

“एक.”

“एकच?” सेक्रेटरींचा चेहरा गंभीर झाला. “लोक सहा करतात. चार करतात. एक म्हणजे नमुना. नमुना पसंत पडला की ऑर्डर. ऑर्डर म्हणजे कारखाना. कारखान्याला या इमारतीत परवानगी नाही.”

या तर्कापुढे माणूस काय बोलणार? सूनबाई बोलायचा प्रयत्न करत राहिली. घरगुती आहे, छंद आहे, भुसा जिन्यात सांडणार नाही, दुपारच्या झोपेत मोगरी चालवणार नाही, चालवली तर फडकं गुंडाळून चालवेन. सेक्रेटरी हळूहळू विरघळले. पण नियमावली विरघळत नाही. त्यांनी कानावरचं पेन काढलं आणि विचारलं, “कोणासाठी आहे खुर्ची?”

मागे सोफ्यावर एक-दोन, एक-दोन चाललेला ठेका थांबला.

हा क्षण फार छोटा होता. सूनबाईने तेव्हा खरं बोलायला हवं होतं. पण परक्या माणसासमोर, दार उघडं टाकून, जिन्यात दोन माणसं कान देऊन उभी असताना? तिच्या तोंडातून निघून गेलं, “माझ्यासाठी.”

एक-दोन, एक-दोन. ठेका पुन्हा सुरू झाला. “प्रायोगिक तत्त्वावर परवानगी,” सेक्रेटरी म्हणाले.

तक्रार केली होती खालच्या मजल्यावरच्या मिलिमीटरांनी. यंत्रांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून हे गृहस्थ निवृत्त झालेले. इतर लोक खिशाला पेन लावतात तशी हे स्टीलची पट्टी लावत. ते दुसऱ्या दिवशी स्वतःच वर आले.

“वहिनी, गैरसमज नको. माझी तक्रार आवाजाबद्दल नाही. चुकीच्या आवाजाबद्दल आहे. तुम्ही करवत ओढतानाही दाबता. मला खाली झोप लागत नाही, उठून तुमचा हात धरावासा वाटतो. म्हणजे करवतीवरचा हात,” असं म्हणून ते स्वतःच लाजले.

मग ते रोज येऊ लागले. सल्ल्यांना तोटा नव्हता. लाकडाच्या रेषा बघा, वहिनी. गुण्या लावा, वहिनी. रंधा नाकासमोर मारा, वहिनी, शेजाऱ्याच्या नाकासमोर नको. खरं सांगायचं तर त्यांची गरजही होती. खुर्चीच्या जोडाचं काम म्हणजे एका लाकडाला जीभ कोरायची आणि दुसऱ्याला तोंड, आणि दोघांचं पटलं पाहिजे. सूनबाईच्या पहिल्या जिभा तोंडात डुगडुगल्या. दुसऱ्या इतक्या घट्ट झाल्या की मोगरीच्या घावाबरोबर तोंडच फाटलं. रंधा मारता येईना, फळी वाकडी! पण हळूहळू रंध्यातून कागदासारखी पातळ, कुरळी सालपटं निघू लागली. बाल्कनीत सागाचा वास भरून राहिला. एका संध्याकाळी पहिला जोड नुसत्या हाताच्या दाबाने ‘टक्’ करून बसला. सूनबाईने तो उपटून पुन्हा बसवला, नुसता तो आवाज ऐकायला. सासरेबुवांनी सोफ्यातून मान हलवली, गाण्याच्या मैफिलीत हलवावी तशी.

मग खुर्चीचे हात आले. हाताच्या पट्टीला खालून एक खाच, ती डाव्याला एका अंगाला, उजव्याला दुसऱ्या. सूनबाईने दोन हात केले, दोन्ही डावे निघाले. एक बाजूला ठेवून तिने नवा उजवा केला. तोही डावा निघाला. डावा हात फार सवयीचा झाला की असं होत असावं. उजवा जमला तो त्यानंतर. दोन उरलेले डावे हात दाराआड उभे राहिले आणि नवरा येता-जाता त्यांच्याशी हात मिळवू लागला.

या सगळ्यात मापाचा प्रश्न राहिलाच. खुर्ची सासरेबुवांच्या गुडघ्यांच्या उंचीची हवी, त्याहूनही बोटभर जास्त. पण गुडघ्याला टेप लावायची कशी? ते झोपले असताना लावायचा विचार तिने केला होता, पण मास्तरांची झोप सावध. शेवटी तिने विजार गाठली. दोरीवर वाळत घातलेल्या सासरेबुवांच्या पांढऱ्या विजारीच्या गुडघ्यांना वर्षानुवर्षांचा फुगवटा आला होता, जणू आत अजून गुडघे आहेत. त्या फुगवट्यापासून खालच्या शिवणीपर्यंत सूनबाईने टेप लावली. वारा सुटला होता. विजार एकदा तिच्या गळ्यात पडली, एकदा तिला लाथ मारून गेली. तिने हॉलकडे चोरून पाहिलं. सासरेबुवा सोफ्यात पेपर उघडून बसले होते. बराच वेळ पान उलटलं नव्हतं, म्हणजे नक्कीच डुलकी लागली होती. तिने माप घेतलं आणि पाय त्याप्रमाणे कापले.

खुर्ची उभी राहिली तेव्हा मिलिमीटर म्हणाले, “वहिनी, तुमच्यासाठी आहे ना? बसा बघू.”

ती बसली. तिचे पाय जमिनीपासून चांगले चार बोटं वर लोंबकळू लागले, शाळेच्या बाकावर बसलेल्या मुलीसारखे.

“चुकलं,” मिलिमीटर हळहळले.

“नाही नाही. मला आवडतं असं. उंच.”

नवरा दारात उभा राहून हे बघत होता. आणि हा माणूस नुसता बघत राहिला की त्याच्या मनात काहीतरी शिजत असतं.

काय शिजत होतं ते आता सांगायला हरकत नाही. त्याला आपलं ते विणकामाचं बोलणं टोचत होतं. बायको रोज दमून यायची आणि भुशात बसायची, हातांना फोड आले तरी हसायची. आता एवढी खपून खुर्ची केली, ती तिलाच मापाची झाली नाही, आणि बिचारी चूक झाकतेय! त्याला वाटलं, आपणही काहीतरी करावं. त्याने मिलिमीटरांना गाठलं. रविवारी सकाळी दवाखान्यात दात तपासणीचं शिबिर होतं, सूनबाई तिथे गेली, आणि इकडे दोघांनी खुर्ची उलटी केली.

दुपारी ती परतली ती हातात तेलाची बाटली घेऊन. आता लाकडाला तेल पाजायचं, खुर्ची सोफ्याशेजारी नेऊन ठेवायची, आणि मग जे व्हायचं ते होईल. हॉलमध्ये पाऊल टाकलं तर नवरा आणि मिलिमीटर एका रांगेत उभे, चेहऱ्यावर बक्षीस मिळालेल्या मुलांचा आनंद. मध्ये खुर्ची. आणि खुर्चीसमोर, वर्तमानपत्रावर, सागाचे चार ठोकळे.

“बस,” नवरा म्हणाला. “तुझ्या मापाची केली. मी स्वतः कापली. दोन पाय मी, दोन यांनी.”

“काय धार होती पटाशीला!” मिलिमीटर म्हणाले. “करवतीमागून फिरवली, लोण्यासारखं लाकूड गेलं. आणि डुगडुगही काढली बरं का. बाबा मध्ये मध्ये काहीतरी म्हणत होते. ‘ती आल्यावर करा, ती आल्यावर करा.’ मी म्हटलं, बाबा, सरप्राइज असतं ते.”

सूनबाईने सोफ्याकडे पाहिलं. सासरेबुवा बसले होते. मांडीवर धारेचा दगड. ते चार ठोकळ्यांकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांनीच लावलेल्या धारेने, त्यांची खुर्ची कापली गेली होती, आणि ‘अरे, ती माझी आहे’ हे तीन-चार शब्द काही त्यांना उच्चारता आले नव्हते. का आले नव्हते, हे सूनबाईला नीट ठाऊक होतं. सेक्रेटरींसमोर तिलाही आले नव्हते.

ती खुर्चीत बसली. दोन्ही तळवे जमिनीला टेकले. हात बरोबर हाताखाली आले. आयुष्यात इतकी मापात बसणारी खुर्ची तिला कधी मिळाली नव्हती.

“छान झालीय,” ती म्हणाली. पण आवाज असा निघाला की मिलिमीटरांची पट्टी खिशातल्या खिशात वाकली असेल.

“अगं, रडतेस कशाला?” नवरा घाबरला. “बोटाला लागलं का काही?”

“कापलेलं लाकूड वाढत नाही, वहिनी,” मिलिमीटर हळूच म्हणाले. कोणीतरी काहीतरी भयंकर केलंय आणि ते बहुधा आपणच, एवढं त्यांना कळलं होतं.

सोफ्याच्या स्प्रिंगा कुरकुरल्या. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. नवऱ्याचा हात सवयीने पेपरकडे गेला.

“ठेव तो पेपर,” सासरेबुवा म्हणाले. आवाज मैदानावरचा होता. पेपर जागच्या जागी सावधान झाला. “सूनबाई, ती खुर्ची चार बोटं उंच कर.”

“पण बाबा, ती तिच्या मापाची—” नवरा म्हणाला.

“तिच्या नाही. माझ्या.” मग ते सूनबाईकडे वळले. “दोरीवरच्या विजारीला टेप लावून झोंबत होतीस, ते मी बघितलं नाही असं वाटलं का तुला? पेपरला एक भोक होतं, दिवसातून चार वेळा हाताळून पडलेलं, त्यातून दिसत होतं सगळं. विजारीला काय विचारतेस? विजार माझी वीस वर्षांपूर्वीची. मला विचार.”

नवरा खुर्चीकडे बघत होता, मग ठोकळ्यांकडे, मग बापाकडे, मग बायकोकडे. त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उशिरा पोचत होती, पण पोचत होती. “अगं, मला तरी सांगायचंस,” तो पुटपुटला, आणि लगेच, “मी तरी विचारायला हवं होतं.”

मिलिमीटर मात्र दाराआड गेले होते. ते दोन डावे हात घेऊन आले. खुर्ची उलटी केली, एकेका बाजूच्या दोन पायांखाली एकेक हात धरून पाहिला, आधी आडवा, मग कडेवर उभा. खिशातली पट्टी लावली. पुन्हा लावली. आणि त्यांचा चेहरा उजळला.

“उभे लावले तर बरोबर चार बोटं! वहिनी, हे चुकलेले नव्हतेच. हे खुर्चीचे जोडे आहेत. खुंट्या मारल्या की पाय यांच्यावर पक्के बसतील. हातभार म्हणतात तो हाच!”

त्यांच्या या विनोदावर एरवी कोणी हसलं नसतं. पण सूनबाई हसली, मग नवरा हसला. तिने टेप उचलली, सोफ्यासमोर जमिनीवर बसली, आणि पहिल्यांदाच, विजारीच्या आत गुडघा असताना, माप घ्यायला हात पुढे केला.

“किती उंच हवी, बाबा?”

“चार बोटं म्हटलं ना. वर थोडी सूट ठेव.” त्यांनी पाय सरळ जमिनीवर टेकवला, परेडला टेकवतात तसा. “आणि हातांना गोलाई दे. तळवा बसायला हवा. धार मी लावतो.”

टेपचं टोक त्यांच्या टाचेशी होतं आणि दुसरं गुडघ्याशी, तेवढ्यात फोन वाजला. रविवार होता. नवऱ्याने सवयीने उचलला. “हो, काका... बरे आहेत... नाही, अजून एक हात राहि—”

“दे इकडे,” सासरेबुवा म्हणाले.

नवऱ्याने फोन दिला. जरा वर आणि जरा लांब धरायची जुनी सवय होती, पण मध्येच थांबला आणि सरळ त्यांच्या हातात ठेवला. पलीकडून काकांचा नेहमीचा प्रश्न सगळ्यांना ऐकू आला. सासरेबुवांनी एकदा घरावरून नजर फिरवली. भुशाने माखलेला मुलगा, हातात दोन डावे हात घेतलेले मिलिमीटर, आणि त्यांचा गुडघा धरून बसलेली सूनबाई.

“रंग कधीच नव्हता रे,” ते म्हणाले. “पट घेऊन ये, डाव मांडलाय तसाच. खुर्ची बनतेय माझी. पण तोपर्यंत तुला दारापर्यंत सोडायला येणार नाही, समजून घे. मला एकट्याला उठता येत नाही.”